केळीच्या रायपनिंग चेंबरचं कूलिंग युनिट दुपारी ट्रिप होतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सावद्याचा, ता. रावेर. घरची केळी आहे. सगळा माल कच्चाच व्यापाऱ्याला देण्यापेक्षा थोडा आपणच पिकवून विकावा म्हणून जुन्या गोदामात पफ पॅनलचं (आत फोम भरलेल्या, उष्णता अडवणाऱ्या पत्र्यांचं) ५ टनी चेंबर उभं केलं. हिवाळ्यात लॉट इतके सुरेख निघाले की घरात सगळ्यांना धीर आला. मे लागला आणि घडी बिघडली.

चेंबर १८ अंशांवर लावतो. सकाळी ११ पर्यंत काही तक्रार नाही. दोनच्या सुमारास युनिट हाय प्रेशरवर ट्रिप होतं, म्हणजे आतल्या गॅसचा दाब फार वाढून आपोआप बंद पडतं. रिसेट केलं की अर्ध्या तासात पुन्हा तेच. बाहेर ४४-४५ अंश असतात हे कबूल, पण गावात बाकीच्यांची चेंबरं चालू आहेतच.

आउटडोअर युनिट गोदाम आणि कंपाउंडच्या भिंतीमधल्या अडीच फुटी बोळात आहे. पंख्याचं तोंड कंपाउंडकडे. ऊन लागू नये म्हणून फिटरने वर पत्रा टाकलाय. काल दुपारी आधी पंख्यासमोर हात धरला, मग मागे कॉइलजवळ, जिथून हवा ओढली जाते तिथे. दोन्हीकडे सारखीच भट्टी. फिटर म्हणतो गॅस भरू. मला ते पटत नाही. गॅस कमी असता तर प्रेशर वाढलं कशाला असतं?

मागच्या आठवड्यात चेंबर रात्रीपर्यंत २५ वर राहिलं. लॉट काढला तर साल हिरवीच, आणि दाबून पाहिलं तर गर पार मऊ. वर्षभर जपलेला घड शेवटच्या चार दिवसांत असा जातो, फार जिवाला लागतं.

आउटडोअरची जागा बदलू, की गरम हवा डक्टने बाहेर काढू? दुसरं, केळी पिकवायला सोडलेल्या इथिलीन वायूचे पहिले २४ तास झाले की कार्बन डायऑक्साइड काढायला दार उघडावं लागतं, तेव्हा लू सरळ आत शिरते. त्याला काय करता?

उत्तर:
भाऊ, हात धरून पाहिलंत तिथेच दुखणं सापडलं. युनिट स्वतःचीच गरम हवा परत ओढतंय. पहिल्यांदा तो पत्रा काढा. सावली हवी तर शेडनेट चांगली उंचावर बांधा. लांब डक्टच्या भानगडीत पडू नका, त्या पंख्यात तेवढा जोर नसतो. उत्तरेला मोकळी जागा असेल तर युनिट तिकडे न्या. कॉइल धुऊन घ्या, पण चालू युनिटवर रोज बोअरचं पाणी मारू नका, क्षार धरतो.

हवा बदलायला एका टोकाला एक्झॉस्ट आणि समोरच्या टोकाला झडपेचं भोक ठेवा. झडप ब्लोअरच्या (चेंबरमधल्या कूलिंग पंख्याच्या) ओढीच्या बाजूला आली तर बाहेरची हवा आधी आतल्या थंड कॉइलवरून जाईल. इथिलीन सुरू असताना दोन्ही बंद. हवा बदलायची ती पहाटे आणि रात्री. आणि दार उघडल्या-उघडल्या आत शिरू नका, कार्बन डायऑक्साइडने गुदमरायला होतं.

धागाकर्ता:
खूप आभार दादा. पत्रा आत्ताच उतरवला. उत्तरेची भिंत १८ फुटांवर आहे, युनिट तिथे जमिनीवरच राहील. तेवढा तांब्याचा पाइप वाढवला तर गॅसबरोबर गेलेलं ऑइल कॉम्प्रेसरमध्ये परत यायला अडचण नाही ना? शनिवारी नवा लॉट भरायचाय, त्याआधी कळलं तर बरं होईल.