मदत हवी आहे : आंब्याची बाग आणि प्रक्रिया उद्योग पुढच्या पिढीकडे सोपवताना

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित हापूसची बाग असून, त्याच जमिनीवरील शेडमध्ये वडील जॅम आणि आमरस तयार करण्याचा छोटा उद्योग एकल मालकीने चालवतात. आता हे दोन्ही त्यांच्या हयातीतच माझ्या व माझ्या बहिणीच्या नावे व्हावे, अशी त्यांची इच्छा आहे.

माझा मुख्य प्रश्न जमिनीचा आहे. सातबाऱ्यावर वडिलांबरोबर काकांचेही नाव आहे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच असल्याने बहिणीकडून हक्कसोड घेण्याचा विचारही आम्हाला मान्य नाही. अशा वेळी आधी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून वाटप करून घ्यावे आणि मग वडिलांच्या हिश्शाचे बक्षीसपत्र करावे, की सर्वांचे मिळून एकच नोंदणीकृत वाटणीपत्र करावे? तुकडेबंदीची (शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे करण्यावरील बंदीची) अडचण कोणत्या टप्प्यावर येते?

दुसरा प्रश्न कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जॅमवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण काचेच्या बाटल्यांवर तो १८ टक्केच असल्याने क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची, पुढे देय करातून वजा करता येणारी रक्कम) साचत आहे. मालक बदलल्यावर नवा जीएसटी क्रमांक घेताना हे क्रेडिट आयटीसी-०२ अर्जाने भावंडांच्या भागीदारी संस्थेकडे नेताना कोणती कागदपत्रे लागली, हे अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर सांगावे.