मदत हवी आहे: बेरी एफसीची मॅच बघायला कसं जायचं?

नमस्कार मंडळी, मँचेस्टर साईडला कोणी राहतं का? ऑफिसच्या कामासाठी तिकडे येतोय आणि सगळे ओल्ड ट्रॅफर्ड ओल्ड ट्रॅफर्ड (मँचेस्टर युनायटेडचं ग्राउंड) करतायत, पण मला जायचंय गिग लेनला, बेरी एफसीच्या ग्राउंडवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १८८५ चा फुटबॉल क्लब, एफए कप (इंग्लंडची जुनी नॉकआउट स्पर्धा) दोनदा जिंकलेला, १९०० ला साउदॅम्प्टनला ४-० आणि १९०३ ला डर्बी काउंटीला ६-०, आणि त्या १९०३ च्या पूर्ण कपमध्ये एकही गोल खाल्ला नाही बरं का! फायनलमधला तो ६-० चा रेकॉर्ड मँचेस्टर सिटीने गाठला थेट २०१९ मध्ये, आणि नेमकं त्याच वर्षी बेरी प्रमोशन मिळवून लीग वनमध्ये (इंग्लिश फुटबॉलचा तिसरा स्तर) पोचले आणि कर्जापायी ऑगस्टमध्ये लीगमधूनच हाकलले गेले, त्या सीझनची एकही मॅच न खेळता. प्लेअर्सचे पगार थकलेले, मालकाने क्लब एका पाउंडात घेतलेला, काय बोलणार. मग फॅन्सनी बेरी एएफसी काढला, नंतर ग्राउंड परत मिळवलं, २०२३ मध्ये मतदान करून बेरी एएफसी आणि बेरी एफसीवाल्या फॅन्सच्या दोन्ही संस्था एकत्र केल्या.

तर प्रश्न असे की सिटी सेंटरवरून ट्रामने बेरीला उतरलं की पुढे चालत जाता येतं का बस बघावी लागते? तिकीट गेटवर मिळतं की ऑनलाईनच काढायचं? आणि एवढ्या खालच्या लीगला गर्दी कितपत असते? कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा, कुठल्या स्टँडला बसायचं तेही.