शाळेत पाऊस-तापमानाची नोंद ठेवतोय, पण या आकड्यांचं पुढे करायचं काय?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी वाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. यंदा जूनपासून मुलांकडून रोजच्या हवामानाची नोंद ठेवून घेतेय. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या कापून केलेली तीन पर्जन्यमापकं आहेत, एक साधा तापमापी व्हरांड्यात टांगलाय, मुलांनी पत्र्याचा वातकुक्कुट केलाय आणि ढग किती ते डोळ्यांनी बघून लिहितात. वही छान भरत चाललीय, उत्साह तर इतका की आज पाळी कुणाची यावरून भांडणं होतात.

आता अडतंय कुठे ते सांगते. तिन्ही बाटल्या एकाच आवारात आहेत, एक गच्चीवर, एक ध्वजस्तंभाजवळ, एक जांभळाच्या झाडापाशी, तरी आकडे जुळत नाहीत. परवा एकीत ३१ मिमी, दुसरीत २६, तिसरीत १९ आणि मोबाईलवरचं ॲप म्हणतंय ८. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग खरा पाऊस किती पडला?" प्रश्न इतका चांगला आहे की त्याला काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची नाहीये मला.

दुसरं म्हणजे रविवार आणि सणाच्या सुट्ट्या. काही मुलं सोमवारी आली की ॲपवर बघून रविवारचा रकाना भरून टाकतात, मोकळा राहिला तर मार्क जातील असं त्यांना वाटतं. आणि तिसरं, एवढे आकडे जमल्यावर या वयाच्या पोरांकडून विश्लेषण म्हणून नक्की काय करून घ्यायचं? सरासरी काढून झाली, स्तंभालेख काढून झाला. पुढे काय? कुणी शाळेत असं केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

साडेआठची नोंद

मॅडम, मी वेधशाळेत निरीक्षक होतो, आता निवृत्त आहे. मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करू.

आधी जागा. गच्चीवर वारा जास्त असतो, तो पावसाचे थेंब मापकाच्या तोंडावरून उडवून नेतो, म्हणून तिथे पाऊस कमी भरतो. झाडाखाली तर पानं पाणी अडवतात आणि पाऊस थांबल्यावरही ठिबकत राहतात, तो आकडा कशाचाच नाही. आमच्याकडे नियम असा की मापक उघड्या सपाट जागी, तोंड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर, आणि जवळची भिंत किंवा झाड जितकं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर मध्ये सोडायचं. शाळेची इमारत पाच मीटर असेल तर दहा मीटर लांब. हे मुलांना टेप घेऊन मोजायला लावा, झाडाची उंची सावलीवरून काढता येते, गणिताचा तासही होऊन जाईल.

मग एक काम करा, तिन्ही बाटल्या काही दिवस एकाच ठिकाणी शेजारी शेजारी ठेवा. तरीही आकड्यांत फरक पडला तर तो बाटल्यांचा आणि वाचणाऱ्याचा फरक. तो किती येतो ते एकदा कळलं की नंतर बाटल्या लांब ठेवल्यावर येणारा जास्तीचा फरक जागेचा, असं मुलांना स्वतःला सांगता येतं. माझ्या मते हे झाल्याशिवाय सरासरीकडे जाऊच नये.

बाटलीचा बूड सपाट नसतो, त्यात खळगे असतात. तळाशी खडे टाकून, खळगे बुडेपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची रेघ मारा. पट्टीचं शून्यही काठावर नसतं, थोडं आत असतं, तिकडे लक्ष द्या. आणि बाटली जिथून सरळ आहे तिथेच कापलेली हवी. त्यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे साठलेलं पाणी मोजपात्रात ओतून मिलीलीटरमध्ये मोजायचं. तोंडाचा व्यास ११ सेंमी धरला तर क्षेत्रफळ साधारण ९५ चौ. सेंमी, म्हणजे साडेनऊ मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. सातवीची मुलं हे सहज करतात.

वेळेचं बघा. आपल्याकडे अधिकृत पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, आदल्या साडेआठपासूनचे २४ तास. १५ तारखेला सकाळी वाचलेला पाऊस १५ तारखेलाच लिहितात, मग तो पडलेला असेना का १४ च्या रात्री. ॲपवाला दिवस बहुतेक मध्यरात्री ते मध्यरात्री असतो. तुमचा दिवस आणि त्याचा दिवस एकच नाही. शिवाय ॲपवरचा आकडा बऱ्याचदा तुमच्या गावात मोजलेला नसतोच, काही किलोमीटरच्या चौकोनासाठी संगणकाने काढलेला अंदाज असतो.

आणि पाऊस खरोखरच जागोजागी वेगळा पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी झाला, त्याच वेळात कुलाब्याला ७४ च्या आसपास. एकच मुंबई, दोन्हीकडे वेधशाळेची माणसं आणि उपकरणं, दोन्ही आकडे खरे. मुलीला हे नक्की सांगा.

देवगडकर

वरच्या काकांनी मोजण्याबद्दल सगळं लिहिलंय, मी फक्त सुट्टी आणि विश्लेषण यावर लिहिते. मीही शाळेत विज्ञानच शिकवते.

रविवारचा रकाना ॲपवरून भरणं आधी बंद करा, आणि त्यासाठी मुलांना रागवायची गरज नाही, मार्कांची पद्धत बदला. आमच्याकडे मोकळा रकाना आणि त्यापुढे कारण लिहिलं असेल तर पूर्ण मार्क. शून्य आणि नोंद नाही हे दोन वेगळे आहेत हे मुलांना एकदा पटलं की ती स्वतःच एकमेकांच्या वह्या तपासतात. आम्ही शून्य लिहितो फक्त बघून कोरडं असेल तर, नुसता ओलावा असेल आणि मोजता येत नसेल तर "नाममात्र" लिहितो, बघितलंच नसेल तर आडवी रेघ. शनिवारनंतर थेट सोमवारी बघितलं तर "४८ तासांचा एकत्र" असं लिहायचं, महिन्याची बेरीज बिघडत नाही, फक्त पावसाचे दिवस मोजताना ती नोंद बाजूला ठेवायची.

आता विश्लेषण. सरासरीनेच सुरुवात करा पण ती कुठे फसवते ते दाखवायला. समजा आठवड्याचा पाऊस असा आहे: ०, ०, २, ०, ३, ०, ६५. बेरीज ७०, सरासरी रोज १० मिमी. पण १० मिमी पाऊस एकाही दिवशी पडलेला नाही! मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधला येतो तो, काढला तर शून्य. हवामान खात्याच्या व्याख्येत २.५ मिमी किंवा जास्त झाला तरच पावसाचा दिवस, म्हणजे इथे दोनच. एकाच आठवड्याची ही तीन वर्णनं फळ्यावर लिहून मुलांना विचारा, शेतकऱ्याला यातलं कुठलं उपयोगाचं? माझा अख्खा तास यावर गेलाय आणि घंटा झाली तरी मुलं वाद घालत होती.

दुसरा आलेख काढा तो संचयी पावसाचा, म्हणजे रोजचा पाऊस आधीच्या बेरजेत मिळवत जायचा. जिन्यासारखी रेघ येते. जिथे रेघ आडवी पडते तो पावसाचा खंड, जिथे उभी चढते ती झड. भिंतीवर मोठा कागद लावून रोज एक ठिपका, बस्स. पेरणी कधी झाली, दुबार करावी लागली का, भाताची लावणी कधी, हे मुलांनी घरी विचारून त्याच कागदावर लिहायचं.

तिसरं, तुम्ही ढग लिहिताय ना, ते आठ भागांत लिहा, आकाशाचे किती अष्टमांश झाकलेत असं. मग रोजचं कमाल वजा किमान तापमान काढून ढगांसमोर मांडा, प्रत्येक दिवसाचा एक ठिपका. ढग जास्त तिथे फरक कमी, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. पुण्याला डिसेंबरात दिवस-रात्रीत पंधरा अंशांहून जास्त फरक असतो, जुलैत पाच-सहा. पुस्तकात वाचण्यापेक्षा स्वतःच्या ठिपक्यांतून हे निघालं की मुलं विसरत नाहीत. त्यासाठी कमाल-किमान दाखवणारा तापमापी मात्र लागेल, आणि तो व्हरांड्यात भिंतीला नको, भिंत तापते आणि रात्रीही उष्णता सोडत राहते. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या थाळ्या मधे फटी ठेवून एकावर एक पालथ्या बसवा, मधल्या थाळ्यांना भोकं पाडा आणि आत तापमापी ठेवा. जमिनीपासून सव्वा मीटरवर. वारा खेळतो, ऊन लागत नाही.

सर्किटवाला

देवगडकर मॅडमना +१.

सेन्सरबद्दल कुणी विचारलं नाहीये तरी सांगतो, कारण कुणीतरी लगेच सेन्सर घ्या म्हणेलच. डीएचटी११ नावाचा निळा तापमानाचा सेन्सर घेऊ नका, त्याची अचूकता २ अंश कमी-जास्त आहे, तुमचा साधा तापमापी त्याहून बरा. मी पुण्यात एका शाळेच्या टिंकरिंग लॅबमध्ये मदतीला जातो, तिथे मुलं कोड लिहिण्यात रमतात आणि सेन्सर उन्हात तापतोय हे कुणी बघतच नाही.

पण एक गोष्ट नक्की करा, हवेचा दाब. काही स्मार्टफोनमध्ये दाबाचा सेन्सर असतो, नसला तर बीएमपी२८० नावाचा सुटा सेन्सर मिळतो, महाग नाही. मुलांना शाळा भरताना साडेदहाला आणि सुटायच्या आधी चारला दाब लिहायला सांगा. आपल्या भागात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी दहाच्या सुमारास जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी, तीन-चार हेक्टोपास्कलचा (हे दाबाचं एकक) फरक. शाळेच्या वेळा अगदी त्यावर बेतल्यासारख्या आहेत! सूर्याच्या उष्णतेने वरचं वातावरण हलतं, त्याची ही भरती-ओहोटी. युरोपात वादळांच्या मोठ्या चढउतारात ही झाकून जाते, आपल्याकडे स्वच्छ दिसते.

आणि फोनवर ९३० च्या आसपास दिसेल, ॲपवर १००८ वगैरे, तर घाबरू नका. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे, साधारण दर ८-९ मीटरला एक हेक्टोपास्कल कमी होतो. ॲप समुद्रसपाटीचा दाब सांगतं. वजाबाकी करून गावाची उंची मुलांना काढायला लावा.

बांधावरून

शिक्षक नाही, शेतकरी आहे, मराठवाड्यातला. पण वाचून राहवलं नाही.

बाई, हे काम किती महत्त्वाचं आहे ते पोरांना सांगा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस नोंदला तर अतिवृष्टी धरतात, पंचनामे, भरपाई सगळं त्या आकड्यावर. मापक मंडळात एका ठिकाणी, शिवार पसरलेलं बारा-पंधरा गावांत. आमच्याकडे एका वर्षी मापकावर पाऊस कमी निघाला आणि आमच्या ओढ्याला पूर येऊन सोयाबीन वाहून गेलं, वाद घालायला आमच्या हातात एक आकडा नव्हता. शाळेची वही सरकारी पुरावा होणार नाही हे कळतं मला, पण गावाला स्वतःचा आकडा माहीत असणं ही वेगळी गोष्ट आहे.

कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो, तुमच्या मंडळाचा काढून पोरांच्या आकड्याशेजारी लावा. ॲपपेक्षा ते बरं, निदान मोजलेला असतो. आणि जमलं तर वहीत नक्षत्राचा रकाना ठेवा. घरचे आजोबा मृग, आर्द्रा, पुनर्वसू यातच बोलतात, महिन्याच्या हिशोबात नाही. नक्षत्रावार बेरीज केली तर आजोबा पण वही बघायला मागतील.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येकाने इतकं मनावर घेऊन लिहिलंत. सोमवारपासून तिन्ही बाटल्या ध्वजस्तंभापाशी, टेपने अंतर मोजून. नक्षत्राचा रकाना उद्याच आखते. मार्कांची पद्धत मला फार पटली, मुख्याध्यापकांशी बोलले, ते हो म्हणालेत.

काका, एक विचारायचं राहिलं. शाळा साडेदहाला भरते, साडेआठला कुणी नसतं. साडेदहाला वाचलं तर चालेल का?

साडेआठची नोंद

शाळेजवळ राहणारी दोन मुलं आळीपाळीने साडेआठला वाचतील का बघा, रविवारचाही प्रश्न सुटेल. नाहीच जमलं तर रोज साडेदहालाच वाचा पण वेळ बदलू नका आणि वहीच्या प्रत्येक पानावर वेळ लिहा. मग मंडळाच्या आकड्याशी रोज ताडू नका, आठवड्याची बेरीज ताडा, दोन तासांचा फरक त्यात फारसा जाणवत नाही.

देवगडकर

मॅडम, अजून एक सुचतंय. आमची शाळा किनाऱ्यावर, तुमची घाटाच्या पलीकडे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी पडतो आणि तिथून उतरून वाईत आलं की हजाराच्या आत, पर्जन्यछाया म्हणून मुलं हे पाठ करतात. आपण दोघी एकाच तारखांचे आकडे एकमेकींना पाठवू, महाबळेश्वरचा हवामान खात्याच्या रोजच्या आकडेवारीतून घेऊ, आणि तिन्ही संचयी रेघा एकाच कागदावर. तुमचे रकाने कसे आहेत तेवढं कळवा, आमची वही त्याप्रमाणे करून घेते. ऑगस्टपासून सुरू करूया?

कृष्णाकाठ

करूया ना! तारीख, नक्षत्र, वाचनाची वेळ, पाऊस मिमीत, कमाल, किमान, ढग अष्टमांशात, दोन वेळचा दाब, वाचणाऱ्याचं नाव आणि शेवटी शेऱ्याचा मोठा रकाना. शेऱ्यात मुलं खूप लिहितात, तो रुंद ठेवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.