सेंच्युरियन वाचला, म्हणजे नेमकं काय वाचलं?

चिलखती
अणुस्फोटापुढे लष्करी सामानाचा टिकाव लागत नाही, हे सरसकट विधान मला पटत नाही. १५ ऑक्टोबर १९५३, ऑस्ट्रेलियातलं एमू फील्ड, ब्रिटिशांची टोटेम-१ चाचणी. सुमारे १० किलोटनांचा स्फोट आणि ५०० यार्डांच्या आत उभा केलेला सेंच्युरियन रणगाडा. आत दारूगोळा, इंजिन सुरू. धक्क्यानं तो दीडेक मीटर सरकला, बाजूचे पत्रे उडाले, अँटेना गेल्या, पेरिस्कोपच्या काचा वाळूनं घासून आंधळ्या झाल्या. इंजिन बंद सापडलं, ते पेट्रोल संपल्यामुळे! नंतर तो स्वतःच्या ताकदीवर बाहेर आला आणि पुढे व्हिएतनाममध्ये लढलाही. पोलाद जाड हवं, बाकीचे लाड कशाला?

गॅमा-गणित
आत माणसं असती तर ती मेली असती, हे सोयीनं गाळलंत. बॉम्ब जितका लहान, तितका त्याचा किरणोत्सार धक्क्याच्या आणि उष्णतेच्या मानानं लांबवर मारक ठरतो. १० किलोटन त्यातलाच. पोलाद गॅमा किरण बऱ्यापैकी अडवतं, पण न्यूट्रॉनचं तसं नाही. स्ट्रायकर कॅरमच्या कडेवर आपटला तर जवळपास त्याच वेगानं परततो, सोंगटीवर आपटला तर वेग देऊन बसतो. लोखंडाचं अणुकेंद्र म्हणजे कड, हायड्रोजनचं म्हणजे सोंगटी. म्हणून सोव्हिएत टी-५५ए रणगाड्याला आतून शिसं मिसळलेल्या प्लास्टिकचं अस्तर दिलं: प्लास्टिकमधला हायड्रोजन न्यूट्रॉनसाठी, शिसं गॅमासाठी.

आणि भोकांचं काय? हवेच्या वाटा उघड्या राहिल्या तर धक्क्याचा दाब थेट आत शिरतो. टी-५५ मध्ये गॅमाचा सेन्सर आहे. त्यानं इशारा दिला की छोट्या स्फोटकांच्या जोरावर झडपा आपोआप बंद होतात. एवढा वेळ मिळतो, कारण गॅमा प्रकाशाच्या वेगानं येतो आणि १० किलोटनच्या धक्क्याला किलोमीटरभर यायला साधारण दोन सेकंद लागतात.

चिलखती
माणसांचं मान्य. पण अणुस्फोटाच्या विद्युतचुंबकीय झटक्यानं इलेक्ट्रॉनिक्स जळतं, याचा बाऊ नको. चिप सोडून जुन्या व्हॉल्व्हवर, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या निर्वात नळ्यांवर, परत जा, प्रश्न मिटला. सोव्हिएत मिग-२५ लढाऊ विमानात व्हॉल्व्ह होतेच की.

सर्किटबोर्ड
ते व्हॉल्व्ह झटक्यासाठीच ठेवले होते, हे १९७६ मध्ये जपानात हाकोदातेला उतरलेल्या मिगवरून पसरलेलं लाडकं स्पष्टीकरण. त्याच्या रडारची प्रचंड ताकद तेव्हा व्हॉल्व्हच पेलू शकत होते, हे कारण पुरेसं आहे. व्हॉल्व्ह चिपपेक्षा सोशिक असतात, खरंय. पण ऑक्टोबर १९६२ मध्ये कझाकस्तानवर सुमारे २९० किलोमीटर उंचीवर सोव्हिएतांनी ३०० किलोटनांचा स्फोट केला, तेव्हा ५७० किलोमीटर लांबीच्या टेलिफोन लाईनचे फ्यूज आणि सर्ज अरेस्टर (जादा व्होल्टेजपासून वाचवणारी साधनं) उडाले. तिथे कुठली चिप होती? लांब तार हीच अँटेना.

चिपचं दुखणं वेगळंही आहे. गॅमाच्या झटक्यानं सिलिकॉनमध्ये क्षणभर नको तिथे प्रवाह वाहतो, सर्किट अडकून बसतं आणि वीज चालू राहिली तर जळतं. उपाय असा: झटका ओळखणारा सेन्सर वीजपुरवठा तत्काळ तोडतो, मग यंत्रणा पुन्हा सुरू करायची. न्यूट्रॉननं स्फटिकाचं केलेलं नुकसान मात्र वीज तोडून भरून येत नाही.

गॅमा-गणित
झटका बाहेर ठेवायला संपर्क केंद्राची खोली धातूनं मढवतात, तिथे अमेरिकी मानक ८० डेसिबेलची घट मागतं. म्हणजे विद्युतक्षेत्र दहा हजारपट कमी: ५०,००० व्होल्ट प्रति मीटरचे ५ उरतात. भिंतीतून हवा यायची धातूची नळी १० सेंटीमीटरपेक्षा रुंद नको आणि लांबी रुंदीच्या पाचपट हवी.

चिलखती
आणि तेच आता शेकडो गाड्यांना करायचं? मेंटेनन्स कोण बघणार?

सर्किटबोर्ड
अख्ख्या गाडीला कोण सांगतंय? इलेक्ट्रॉनिक्सच्या पेटी-पेटीला करा, मधल्या तारांऐवजी ऑप्टिकल फायबर टाका. फायबरच्या आत मजबुतीसाठी धातूची तार नाही ना, तेवढं बघा. नाहीतर ती तार नळीतून जाताना सगळं संरक्षण फुकट घालवते. उरलेल्या तारांवरचा झटका अडवणारा फिल्टर भिंतीवरच बसवा. फूटभर आत बसवला की मधली तार आतमध्ये पुन्हा प्रक्षेपण करते.

मेंटेनन्सबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. अशा खोलीच्या दाराच्या कडेला धातूच्या लवचीक पट्ट्या असतात, त्यांचा चौकटीशी उघडा धातू-धातू संपर्क लागतो. तपासणीच्या आदल्या दिवशी कोणीतरी चौकट छान रंगवून काढतो आणि मीटरवर ८० चे ४० होतात.