नवीन सुपरवायझर झालात? तुमचा अनुभव लिहा

आपल्याकडे बढती मिळते ती हातातलं काम चांगलं येतं म्हणून. पण पेढे वाटून झाले की दुसऱ्या दिवसापासून काम वेगळंच, माणसांकडून करून घेण्याचं, आणि ते शिकवायला कोणी येत नाही. कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांनाच आज काम सांगायचं! कारखाना असो, दवाखाना असो की सरकारी खातं, ज्यांनी हे केलंय त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा. नुसते सल्ले नकोत, प्रत्यक्ष काय उपयोगी पडलं ते हवंय.

वाळूजकर

वाळूज एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. ऑपरेटरचा सुपरवायझर झालो तेव्हा सगळ्यात आधी एकच ठरवलं, मशीनला हात लावायचा नाही. ऐकायला सोपं आहे, पण ज्याचा हात बसलेला असतो त्याला समोरचा पोरगा सेटिंगला तास घालवतोय हे बघवत नाही, वाटतं सरक बाजूला मी करतो, आणि एकदा का तुम्ही केलं की तो पोरगा कायम तुमचीच वाट बघणार आणि बाकीची लाइन तुमच्याविना पोरकी.

मग दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कोणतं मशीन किती येतं याचा तक्ता. बऱ्याच कंपन्यांत तो भिंतीवर फक्त ऑडिटसाठी लावलेला असतो, मी तो खरा भरला. प्रत्येकाच्या नावापुढे प्रत्येक मशीनचा एक गोल, त्याचे चार भाग: शिकतोय, कोणी सोबत असेल तर करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवू शकतो. भरून झाल्यावर दिसलं की एका मशीनवर पूर्ण गोल फक्त एकाच माणसाचा आहे, म्हणजे तो आजारी पडला की मशीन बंद. अशी जागा दिसली की ट्रेनिंग कुठून सुरू करायचं ते कोणाला विचारावं लागत नाही.

दुसरं, शिकवण्याची पद्धत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांत नवखी माणसं भरती झाली तेव्हा टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचा कार्यक्रम निघाला होता, १९४० साली, नंतर तो जपानमध्ये गेला आणि तिथे चांगलाच रुजला. त्यात शिकवायचे चार टप्पे आहेत. आधी माणसाला निवांत करा आणि त्याला काय येतं ते विचारा, मग करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, मग त्याला एकट्याला सोडून अधूनमधून जाऊन बघा. तिसऱ्या टप्प्यात तो नुसता करत नाही तर हे असं का करायचं तेही तोंडाने सांगतो. क्लॅम्प आधी का आवळायचा हे ज्याला सांगता येतं त्याचं रिजेक्शन कमी येतं, हे मी रोज बघतो.

आणि एक. माझ्याहून सीनियर एक काका होते, बढती त्यांना मिळायला हवी होती असं निम्म्या शॉपचं मत. त्यांच्यावर हुकूम चालवण्यात अर्थच नव्हता. मी म्हटलं, काका, हे दोन ट्रेनी तुमच्या हाताखाली देतो, फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा) तुमच्यासारखं कोणी बसवत नाही. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या आधी येऊन पोरांना घेऊन उभे होते. आजही कुठलं मशीन कुरकुरतंय हे मला त्यांच्याकडूनच आधी कळतं.

निशिगंध

मी वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. आमच्याकडे भांडणाचं मूळ एकच, ड्युटी लिस्ट. नाइट कोणाला, दिवाळीत सुट्टी कोणाला. मी मागच्या नाइट आणि मागच्या सणांची वही ठेवली आणि लिस्टसोबत तीही सगळ्यांसमोर ठेवायला लागले, मग "तिलाच का" हा प्रश्न बराच कमी झाला. लहान लेकरू असलेलीला सवलत द्यायची तर तेही उघड सांगून.

ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देतात त्या हँडओव्हरला एसबीएआरची शिस्त लावली, म्हणजे चार गोष्टी ओळीने सांगायच्या: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं. विशेष करून तिसरं आणि चौथं. नवीन सिस्टर बीपी सांगते पण "मला हा पेशंट बरा वाटत नाहीये" हे बोलायला घाबरते. ते तिच्याकडून बोलून घेणं हे माझं काम असं मी मानते. आणि नातेवाइकांसमोर कोणालाही रागवायचं नाही, सिस्टर असो, मावशी असो की मामा. ड्रेसिंग रूममध्ये नेऊन काय ते बोलावं.

बीटवरची

अंगणवाडी मुख्यसेविका. वरून विचारतात ॲपवर किती भरलं, त्यामुळे खाली आपणही तेवढंच विचारायला लागतो. मी बीट मीटिंगमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या सेविकांच्या बैठकीत, आकडे शेवटी घेते, आधी प्रत्येक सेविकेला एका मुलाबद्दल सांगायला लावते. आणि सेंटरला गेले की रजिस्टर मागण्याआधी तिच्यासोबत एक गृहभेट. दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर मूल तीव्र कुपोषित, हे तिला पाठ असतं, पण तिथे टेप नीट दंडाच्या मध्यावर लागतेय का हे शेजारी बसल्याशिवाय दिसत नाही. तिथल्या तिथे दुरुस्त होतं आणि तिला तपासणी झाल्यासारखंही वाटत नाही.

कोथरूडची

वाळूजकर, जुन्या मित्रांचं काय केलंत? मला तेच सगळ्यात अवघड जातंय.

वाळूजकर

डबा अजून सोबतच खातो, ते सोडायचं कारण नाही. पण ओटीला, म्हणजे ओव्हरटाइमला, दुप्पट पैसे मिळतात, त्यामुळे ओटी कोणाला दिली यावर सगळ्यांची नजर असते. म्हणून ओटी पाळीने, आणि पाळीचा तक्ता बोर्डावर. पोळा, आषाढी, कापूस वेचणीच्या रजाही तिथेच आधी लिहायच्या. मित्राची पाळी नसेल तर त्याला मी स्वतः जाऊन सांगतो, दुसऱ्याकडून कळू देत नाही. तुमच्याकडे ओटी नसेल पण वर्क फ्रॉम होम, चांगलं प्रोजेक्ट असं काहीतरी असेलच, तिथून सुरू करा.