उद्यमबागेत शुक्रवारी इंटरव्ह्यू आहे, 'तुमच्याबद्दल सांगा' म्हटल्यावर नक्की काय सांगायचं?

जांबोटीची_लेक

नमस्कार सगळ्यांना. यंदा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. दहावीपर्यंत मराठी शाळा, डिप्लोमा बेळगावात. शेवटच्या सेमिस्टरची इंटर्नशिप एका फाउंड्रीत (धातू ओतून भाग बनवायच्या कारखान्यात) केली, तिथं मला सँड लॅबला, म्हणजे साच्याची माती तपासायच्या लॅबला टाकलं होतं. आता उद्यमबागेतल्या (बेळगावची औद्योगिक वसाहत) एका कंपनीनं क्वालिटी इन्स्पेक्टर ट्रेनी म्हणून शुक्रवारी बोलावलंय. त्यांची फाउंड्री आणि मशीन शॉप दोन्ही आहे.

नेटवरून नेहमीच्या प्रश्नांची इंग्रजी उत्तरं उतरवून घेतलीत आणि पाठ करत बसलेय. 'आय ॲम हार्डवर्किंग अँड सिन्सिअर' वगैरे. भावाला म्हणून दाखवलं तर तो म्हणाला, पंधरा ऑगस्टचं भाषण वाटतंय. तेव्हापासून धीरच गेलाय.

अडतंय ते असं: स्वतःबद्दल किती आणि काय सांगायचं? उणीव विचारली तर खरी सांगायची का? पाच वर्षांनी कुठं असशील म्हटलं तर? पगाराचा आकडा आपण बोलायचा का? आणि कन्नड मला समजतं, पण बोलताना जीभ अडखळते. आमचं गाव जांबोटीच्याही आत आहे, पावसात गाडीचा भरवसा नसतो, त्यावरूनही विचारतील असं मैत्रीण म्हणाली.

कुणी आतल्या बाजूचं असेल तर सांगा प्लीज.

टिळकवाडी_ते_हिंजवडी

अभिनंदन! उत्तरं चार भागांत बांधायची: परिस्थिती काय होती, तुझ्यावर काम काय होतं, तू काय केलंस, निकाल काय लागला. दोन मिनिटांच्या वर जायचं नाही. उणीव विचारली तर 'मी परफेक्शनिस्ट आहे' हे सेफ उत्तर. आणि इंग्रजीतच बोल, इम्प्रेशन पडतं. आरशासमोर प्रॅक्टिस कर. ऑल द बेस्ट!

माती_आणि_साचा

बाळ, उद्यमबागेत क्वालिटीतच माझे केस पांढरे झाले. आता घरी असतो, पण ओळखीचे दोघंतिघं मालक पोरं निवडताना मला शेजारी बसवून घेतात. म्हणून टेबलाच्या पलीकडनं काय दिसतं तेवढं सांगतो.

वरच्या भाऊंचं चार भागांचं बरोबर आहे. पण ते 'परफेक्शनिस्ट' तेवढं सोड. मी लगेच विचारतो, 'मग त्यापायी कुठलं काम उशिरा दिलंस?' तिथं पोरं गप होतात. आरशाचंही काय खरं नाही. आरसा कधी उलटा प्रश्न विचारत नाही. त्यापेक्षा भावाला समोर बसव आणि मधेमधे तोडायला सांग.

आता 'तुमच्याबद्दल सांगा'. नाव, गाव, बाबा काय करतात, छंद काय, हे सगळं तुझ्या अर्जावर असतं. खरं सांगू? आमच्यातले बरेच जण हा प्रश्न विचारतात तेव्हा तो अर्ज पहिल्यांदा वाचत असतात. तुझ्याकडं लक्ष निम्मंच असतं. त्यांच्या कानावर एखादा ओळखीचा शब्द पडला की मान वर होते आणि पुढचा प्रश्न त्या शब्दावर येतो. म्हणजे पुढचा प्रश्न कशावर यावा हे तुझ्या हातात आहे. 'डिप्लोमा झालाय, इंटर्नशिप सँड लॅबला केली, मॉइश्चर, कॉम्पॅक्टेबिलिटी, परमिॲबिलिटी आणि ग्रीन स्ट्रेंथ मी स्वतः काढून रजिस्टरला लिहीत होते' एवढं म्हण आणि थांब. थांबायचं बरं का. पोरं इथंच घाबरून पुढं क्रिकेट आणि वाचनावर घसरतात.

मग सँडवर प्रश्न येणार (मातीत ओल किती, दाबल्यावर किती बसते, हवा किती जाऊ देते, ओल्या साच्याची ताकद किती, हेच ते चार आकडे), तिथं खोल जायची तयारी ठेव. मॉइश्चर किती ठेवत होता? ग्रीन सँडला (साच्याच्या ओल्या मातीला) तीन-चार टक्क्यांच्या आसपास हे पुस्तकात आहे, आम्हालाही माहीत आहे. तू तुझ्या रजिस्टरातला आकडा सांग. वाढलं तर काय होतं? वाफ जास्त, ब्लोहोल, म्हणजे ओतलेल्या भागात गॅसनं पडलेलं भोक. कमी पडलं तर? माती धरत नाही, कडा झडतात, सँड ड्रॉप होतो, म्हणजे माती साच्यात गळून पडते. परमिॲबिलिटी कमी असली तर गॅस जायला वाट नाही. वाढलेलं मॉइश्चर दिसल्यावर तू कुणाला सांगितलंस, त्यानं मिक्सरवर काय केलं, पुढच्या सँपलला आकडा किती आला, हे एकदा जरी घडलं असेल ना, तर तोच एक प्रसंग नीट आठवून ठेव. टीमवर्क सांग, अडचण कशी सोडवलीस सांग, दबावात काम केलंस का, या तिन्ही प्रश्नांना तो चालतो. तीन वेगळी भाषणं पाठ करायची गरज नाही.

माझा आवडता प्रश्न तुला फोडून देतो. मी रिजेक्ट झालेली कास्टिंग (ओतलेला भाग) हातात देतो आणि विचारतो, हे भोक कसलं? पोरं बघायच्या आधीच 'ब्लोहोल' म्हणतात. अगं, आत बोट घालून बघ की. गॅसचं असेल तर आतली भिंत गुळगुळीत, गोलसर. श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून पडलेलं असेल तर खरबरीत, दातेरी, आणि ते बहुतेक जाड भागात सापडतं, कारण तो भाग शेवटी गोठतो आणि त्याला वरून धातू पुरत नाही. समजलं नाही तर 'कापून बघावं लागेल' म्हटलेलंही मला चालतं. ठोकून दिलेलं चालत नाही.

व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर हातात देतीलच. लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) सगळ्यांना पाठ असतो, व्हर्नियरचा ०.०२ आणि मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी. तू माप घ्यायच्या आधी जॉ पुसून, बंद करून झिरो बघ. समोरच्याला काही विचारायची गरज उरत नाही.

उणीव खरी सांग, पण कामातली. स्वभावातली नको. 'ड्रॉइंगवरची जीडी अँड टीची चिन्हं अजून पटपट वाचता येत नाहीत, रनआउट आणि पोझिशनला अडते' हे ट्रेनीच्या तोंडी शोभतं (भागाच्या आकारात, जागेत किती फरक चालतो ते ही चिन्हं सांगतात). ते खरं असेल तरच हं, कारण मी पुढं ड्रॉइंग सरकवणार.

पाच वर्षांचा प्रश्न पाच वर्षांचा नसतोच. पोरं इथं शिकतात आणि चाकणला पळतात, मालकाला त्याची धास्ती. 'आधी इन्कमिंग आणि फायनल इन्स्पेक्शन नीट यायला पाहिजे, मग स्पेक्ट्रो आणि मायक्रोस्ट्रक्चर शिकायचंय' म्हण (धातूत काय किती आहे आणि आतली बारीक रचना कशी आहे, ते तपासणं). शिकायचं नाव घेतलं की माणूस लगेच पळणार नाही असं वाटतं. कायमची इथंच राहीन अशी शपथ कशाला घ्यायची.

भाषेचं. शॉपवर मोल्डर हिंदी बोलतोय, सुपरवायझर मराठी, एचआरचे साहेब कन्नड, रिपोर्ट इंग्रजीत. कुठलीच एक धरून चालत नाही. 'कन्नड बर्तैतेन्री?' (कन्नड येतं का?) विचारलं तर 'स्वल्प बर्तैत्री, कलीतीनी' (थोडं येतं, शिकते) एवढं हसून म्हण आणि तांत्रिक उत्तर तुला ज्यात सुचतं त्यात दे. मराठी-इंग्रजी मिसळून दे. सीमाप्रश्न काय त्या खोलीत सुटणार नाही, तुला नोकरी मात्र तिथंच मिळायचीय.

बूट घालून जा, केस घट्ट बांध. मधेच उठून शॉपवर फिरवून आणतात.

निपाणीची_ताई

काकांचं वाचून मला माझा पहिला इंटरव्ह्यू आठवला. मी निपाणीहून कागल एमआयडीसीत जाते, मशीन शॉपच्या क्वालिटीत. काकांनी दोन गोष्टी सोडल्यात, त्या बाईमाणसालाच विचारतात म्हणून असेल.

एक, लग्न. 'लग्नाचं काय चाललंय?' हे अगदी गोड आवाजात विचारतात. विचारू नये, पण विचारतात. चिडू नकोस आणि घरातलं पुराणही सांगू नकोस. मी म्हटलं होतं, 'सर, तुम्हाला मी किती टिकेन हे बघायचंय ना? पहिलं वर्ष शिकण्यात जाईल हे मलाही माहीत आहे, तेवढ्यावर सोडून जाण्यात माझंच नुकसान.' विषय तिथंच संपला. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर ती कंपनी कशी आहे ते मला कळलं असतं, तेही बरंच.

दुसरं, येण्याजाण्याचं. 'करते काहीतरी' असं म्हणू नकोस. सकाळची पाळी सहाची असली तर जांबोटीच्या आतून पोचणं होणारच नाही. तुमची गाडी पिरनवाडीवरून येते ना? तिथं किंवा मच्छ्याला कुणी पाहुणे असले तर आधी त्यांच्याशी बोलून ठेव आणि इंटरव्ह्यूत जागेचं नाव घेऊन सांग की पावसाळ्यात मी तिथं राहणार. नसतील तर मुलींच्या पीजीचं भाडं विचारून जा. रात्रपाळीचंही आधीच विचार. कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते का फाट्यावर उतरवते, हे ऑफर हातात पडायच्या आधी कळलेलं बरं.

पगाराला 'तुम्ही द्याल ते' म्हणू नकोस. 'ट्रेनीला तुमच्याकडं काय देता?' असं उलट विचार. जो आकडा सांगतील तो हातात पडणारा का सगळं धरून, हे लगेच विचार. समज ग्रॉस १५,००० आणि त्यातलं बेसिक १०,०००. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,२०० गेले. पगार २१,००० च्या आत असला की ईएसआय (कामगार विमा) लागतो, आपल्या वाट्याचे ०.७५ टक्के, म्हणजे ११३. हातात १३,६८७. कॅन्टीनचे कापत असतील तर आणखी कमी. त्यातून पीजीचं भाडं वजा करून बघ. सीटीसी (कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च) म्हणून सांगितलेल्या आकड्यात मालकाच्या वाट्याचा पीएफसुद्धा धरलेला असतो, त्याला भुलू नकोस.

टिळकवाडी_ते_हिंजवडी

काका, परफेक्शनिस्ट मागे घेतो 🙂 पण इंग्रजीचा मुद्दा राहतो. कस्टमर ऑडिट आलं तर इंग्रजी लागतंच ना?

माती_आणि_साचा

लागतं की. पण ऑडिटला ट्रेनी पोरगी बोलत नाही, तिचं रजिस्टर बोलतं. ते तिला इंग्रजीत लिहिता येतंच, डिप्लोमा काय फुकट झालाय होय? बोलणं वर्षभरात येतं.

जांबोटीची_लेक

काका, ताई, दादा, खूप आभार. मच्छ्याला आत्या आहे, बाबांनी कालच फोन केला, ती ये म्हणालीय. पाठांतराची वही ठेवून दिली.

प्रसंग आठवला तो असा लिहिलाय, बघा बरं: 'इंटर्नशिपमध्ये असताना एकदा सँडच्या क्वालिटीमध्ये प्रॉब्लेम आला होता. आम्ही सर्वांनी मिळून टीमवर्क करून तो यशस्वीरीत्या सोडवला व रिजेक्शन कमी झाले.'

माती_आणि_साचा

हे परत भाषण झालं बघ. 'आम्ही सर्वांनी' म्हटलं की मी विचारणार, तू काय केलंस? 'प्रॉब्लेम' म्हणजे काय? रिजेक्शन किती होतं, किती झालं? माहीत नसेल तर ते वाक्यच काढ. आता मला इथंच सांग, त्या दिवशी सकाळी लॅबला गेल्यावर पहिल्यांदा काय दिसलं?

जांबोटीची_लेक

आदल्या रात्री पाऊस होता. नवी माती उघड्यावर होती, ताडपत्री सरकलेली. पहिल्या सँपलला मॉइश्चर ४.६ आलं, आमच्याकडं ३.८ च्या वर चालत नव्हतं. मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून दुसरं सँपल घेतलं, ते ४.५. मग शिफ्टच्या सरांना दाखवलं. त्यांनी मिक्सरचं पाणी कमी करायला लावलं आणि नवी माती थांबवली. अर्ध्या तासानं ३.७ आलं. रिजेक्शनचं मला माहीत नाही, ते दुसरीकडं बघायचे.

माती_आणि_साचा

हेच सांग. 'रिजेक्शनचं मला माहीत नाही' हेसुद्धा सांग, गाळू नकोस. दुसरं सँपल का घेतलंस ते मात्र विचारल्यावरच सांग, पोरांना मी तेच विचारत असतो. रजिस्टरच्या पानाचा फोटो असला तरी दाखवू नकोस हं, त्या कंपनीचा कागद आहे तो, इथल्या साहेबांना ते आवडणार नाही.

आणि शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' म्हणतील तेव्हा विचार, इथं सँड लॅब आणि इन्स्पेक्शन एकाच माणसाखाली आहे का वेगवेगळं. शुक्रवारी काय झालं ते इथं लिही.