कंपाउंडमधली पद्मिनी

सोमवार, ३० ऑक्टोबर २०२३

सेक्रेटरी (२०१): नमस्कार मंडळी. मागच्या कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक बसवायचं काम दिवाळीआधी उरकायचं आहे. कंत्राटदार पुढच्या सोमवारी, ६ तारखेला येतोय. तोवर तिथल्या दोन सायकली, बंद पडलेली स्कूटर आणि भिंतीलगतची झाकून ठेवलेली जुनी फियाट हलवायला हवी. फियाट दोन वर्षं जागची हललेली नाही. १०३ च्या काकांनी कृपया विचार करावा. भंगारात द्यायची असेल तर सरकारमान्य केंद्राची माणसं इथे येऊन घेऊन जातात, मी चौकशी केली आहे.

६०२: बरं झालं विषय निघाला. आमची गाडी रोज रात्री रस्त्यावर लावावी लागते. ती जागा मोकळी झाली तर इलेक्ट्रिक गाडीसाठी चार्जिंग पॉइंटही घेता येईल. आमचा अर्ज मार्चपासून आहे.

दादा (५०१): सेक्रेटरी, तुम्ही मुद्दाम दिवस निवडला नसणार, पण आजच हा मेसेज आला म्हणून लिहितो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी, म्हणजे आपण जिला फियाट म्हणतो ती, २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. आपल्याकडे टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. ती काल संपली. म्हणजे आजपासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी चालणार नाही. गाडीचं उत्पादन २००० च्या आसपासच थांबलं होतं, पण टॅक्सी धावत होत्या, म्हणून कुणाला ती गेली असं वाटलंच नाही. आज ती खरंच गेली. आणि आजच आपण आपल्या आवारातली भंगारात काढायचं बोलतोय.

मावशी (१०४): अरे देवा, काल संपली? मला माहीतच नाही. आम्ही लग्न करून दादर स्टेशनवरून आलो ते फियाट टॅक्सीतूनच. टपावर रुखवताची ट्रंक बांधली होती.

वहिनी (३०२): आठवणी माझ्याही आहेत. पण सगळे भावुक व्हायच्या आधी मला बोलू द्या. गेले तीन आठवडे माझ्या मुलाला रोज रात्री नेब्युलायझर द्यावा लागतोय. खिडकीतून समोरचा टॉवर दिसत नाही इतकी हवा खराब आहे. पालिकेने बांधकामांच्या धुळीवर आत्ता कुठे नियम काढलेत. अशा वेळी कार्ब्युरेटरवर चालणारी, धूर गाळायची काहीच सोय नसलेली गाडी गेली याचं दुःख मला होत नाही. टॅक्सीवाल्यांना मुंबई हायकोर्टाच्या आदेशानंतर सीएनजी बसवावा लागला तेव्हा कुठे थोडा श्वास मिळाला. हे विसरून चालणार नाही.

वहिनी (३०२): आणि दुसरं. ही गाडी लोकांनी प्रेमानं घेतली असं म्हणतात. दुसरं मिळत काय होतं? एक अँबॅसिडर, एक फियाट, एक स्टँडर्ड. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या इटालियन साच्यावर जवळजवळ २००० सालापर्यंत गाडी काढायची, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि त्याला वारसा म्हणायचं? माझे सासरे आजही सांगतात, खंडाळ्याच्या घाटात इंजिन तापलं की पेट्रोल वर चढेना, मग इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं घालून अर्धा तास उभं राहायचं.

दादा (५०१): वहिनी, फडक्याचं अगदी खरं. आमच्या घरी त्यासाठी डिकीत पाण्याचा कॅन कायम असायचा. ड्रम ब्रेकचंही बरोबर. पण "दुसरं काही नव्हतं" यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष किती हे बघायला हवं. किती गाड्या काढायच्या ते सरकारचा परवाना ठरवायचा. १९६९ नंतर विक्रीची किंमतही सरकारच ठरवून द्यायचं, त्यावर कंपनी सुप्रीम कोर्टात गेली होती. वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. जहाजं, विमानं आणि मोटारी, तिन्ही या देशात बनायला हव्यात म्हणून त्या माणसानं इंग्रज सरकारशी झगडा केला. १९४४ ला प्रीमियर काढली, कुर्ल्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी केली, मग फियाटशी करार. १९५३ ला ते गेले. पद्मिनी त्यांनी पाहिलीही नाही.

६०२: दादा, इतिहास मान्य आहे. पण पार्किंगचा प्रश्न २०२३ चा आहे.

सेक्रेटरी (२०१): सर्वांनी काकांच्या उत्तराची वाट बघूया. काका, तुमचं म्हणणं कळवा.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

काका (१०३): नमस्कार. मी बोलतोय आणि नात लिहून देतेय, कारण मला इतकं टाइप करता येत नाही.

मी १९६६ साली कुर्ल्याला प्रीमियरमध्ये लागलो. वय एकवीस. तेव्हा गाडी फियाट डिलाइट म्हणून निघायची. त्याआधीची गोल पाठीची जुनी फियाट, जिला मुंबईत सगळे डुक्कर फियाट म्हणायचे, ती दुरुस्तीला यायची तेव्हा आम्ही बघायला जमायचो. फियाटचा करार संपल्यावर गाडीचं नाव आधी प्रेसिडेंट झालं, मग १९७४ ला पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव. पत्रा तोच, इंजिन तेच १०८९ सीसी, बिल्ला बदलला. लोकांनी ते नाव कधी मानलं नाही, शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

माझं काम दारं बसवायचं. एका पाळीत तेच. दार बिजागरीवर चढवायचं, फट बघायची, मग हात न लावता सोडायचं. खट् असा एकच आवाज यायला हवा. दोन आवाज आले तर कुलपाची पट्टी पुन्हा सोडायची. माझ्या वरचे मिस्त्री पाठ करून उभे राहायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे की परत कर. सहा महिन्यांत मलाही पाठ करून कळायला लागलं. आजही रस्त्यावर कुणी गाडीचं दार लावलं की माझे कान तिकडे जातात.

ही आवारातली गाडी १९७६ ची आहे. मी १९८८ ला जुनी घेतली, अंधेरीच्या एका डॉक्टरांकडून. नवीन घ्यायची ऐपत नव्हती. ७६ साली मी लाइनवरच होतो. हिची दारं मी बसवली असतील, नसतीलही, त्याची कुठे नोंद नसते. पण पुढचं डावं दार मी सोडून बघितलं तेव्हा एकच आवाज आला, म्हणून घेतली.

वहिनींनी लिहिलं ते सगळं खरं आहे. मी वाईट वाटून घेतलेलं नाही. १९८३ ला मारुती आली तेव्हा आमच्या खात्यातल्या एकाच्या मेहुण्याने घेतली होती, ती तो दाखवायला गेटवर घेऊन आला. आम्ही दहाबारा जण भोवती उभे. मी दार उघडून लावलं. पातळ दार, पण आवाज एकच. बिजागरीत काही खेळ नाही. मी मिस्त्रींकडे बघितलं, ते काही बोलले नाहीत. गाडी हलकी, पेट्रोल कमी पिणारी, गिअर मांडीजवळ. त्या दिवशी आम्हाला कळलं होतं. वरच्या लोकांनाही कळलं असणार. ११८ एनई नावाची नवी गाडी काढली, डिझेलवरची काढली, पुढे प्युजो, उनो या गाड्या आल्या. पण गर्दी टॅक्सीवाल्यांचीच राहिली.

आता कुर्ल्याला त्या जागेवर टॉवर आहेत. रस्त्याला प्रीमियर रोड म्हणतात तेवढं उरलं. मागे नातीला घेऊन गेलो आणि माझं खातं कुठे होतं ते दाखवायला लागलो, तर मला दिशाच कळेना. गेट नाही, भोंगा नाही, चिमणी नाही. मी तीस वर्षं काय केलं हे दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. गाडी चांगली होती म्हणून मला ठेवायची नाही. ती होती, म्हणून ठेवायची आहे.

सोसायटीचा जो निर्णय होईल तो मला मान्य आहे. फक्त आता ६ तारीख म्हणू नका, थोडे दिवस द्या.

मावशी (१०४): भाऊजी, इतक्या वर्षांत हे तुम्ही कधी बोलला नाहीत हो.

ताई (४०४): काका, मी कधी सांगितलं नाही, पण माझ्या बाबांची पद्मिनी टॅक्सी होती. बावीस वर्षं. आधी मालकाची भाड्याने, मग कर्ज काढून स्वतःची. मुदत भरल्यावर ती भंगारात गेली. न्यायला आले तेव्हा बाबा घरातून खाली आलेच नाहीत. त्यांनी मला मीटर आणायला पाठवलं. तो मीटर आमच्या शोकेसमध्ये आहे, येणारे विचारतात ते घड्याळ कसलं.

ताई (४०४): आता मला जे बोलायचंय ते दादांना पटणार नाही कदाचित. कालपासून सगळीकडे फोटो फिरतायत. पावसात उभी टॅक्सी, मरीन ड्राइव्ह, फुलाफुलांचं सीट कव्हर. बघून मलाही रडू आलं. पण त्या फोटोंत चालवणारा कुठेच नाही. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर दिवसातून हजार वेळा ओढून बाबांचा खांदा कायमचा गेला. स्टिअरिंग जड, एसी नाही, मे महिन्यात इंजिनाची धग पायांवर. सीएसटीला चार बॅगा टपावर चढवायच्या आणि उतरवायच्या, त्याचे वेगळे पैसे देताना लोक वाद घालायचे. नव्वदीत मुंबईत साठ हजारांवर टॅक्सी होत्या, त्यात बहुतेक ह्याच. तेवढी घरं ह्या गाडीवर जगली. काळी-पिवळी एक तरी जतन करा अशी टॅक्सी युनियनने सरकारकडे मागणी केली आहे. मी बाबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, ठेवू देत, पण मीटर खाली पाडलेला ठेवा. उभा मीटर म्हणजे रिकामी गाडी.

दादा (५०१): ताई, पटलं. मी फोटो फिरवणाऱ्यांतलाच आहे, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

वहिनी (३०२): काका, मी काल जरा जोरात लिहिलं. मुद्दा मागे घेत नाही, हवेचं म्हणणं कायम आहे. पण तुम्ही तीस वर्षं तिथे काम केलंय हे माहीत नव्हतं. शेजारी राहून माहीत नव्हतं याचंच वाईट वाटलं.

काका (१०३): तुझा मुलगा बरा होऊ दे आधी. गाडी नंतर.

बुधवार, १ नोव्हेंबर

दादा (५०१): मी काल रात्री कागद बघितले, काकांनी दाखवले. गाडी बेवारस नाही. २०२१ ला आरटीओत पासिंग झालंय, ते २०२६ पर्यंत चालू आहे. खासगी गाडीला टॅक्सीसारखी वीस वर्षांची मुदत नाही, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासून घ्यायची असते. त्याची फी गेल्या वर्षीपासून सहाशेवरून पाच हजार झाली, तेवढं खरं. इन्शुरन्स मात्र संपलाय, तो काढावा लागेल.

आणि २०२६ मध्ये गाडी पन्नास वर्षांची होते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ स्थितीतली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. जुना नंबर तसाच राहतो. काकांच्या गाडीचा नंबर एमएच येण्याआधीचा आहे, तो जाणार नाही.

काका (१०३): ते मी वाचलंय. पण व्हिंटेज झाली की रोजच्या कामाला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यालाच रस्त्यावर आणायची. मला वर्षातून दोनदा का होईना, हिला साधी कामाला न्यायची आहे. नातीला दादरला फुलं आणायला. त्यासाठीच बनवली होती ती.

दादा (५०१): मग नका करू व्हिंटेज. सक्ती नाही. अजून तीन वर्षं आहेत, तेव्हा ठरवू. दिल्लीत लाल बहादूर शास्त्रींची १९६४ ची फियाट त्यांच्या स्मारकात ठेवली आहे, पंतप्रधान असताना बँकेचं पाच हजारांचं कर्ज काढून घेतलेली. ती जपली जाते ते ठीकच. पण दारं बसवणाऱ्याकडे स्वतःच्या लाइनची, चालणारी गाडी आहे अशा किती असतील?

६०२: मी स्पष्ट विचारतो, राग मानू नका. गाडी राहिली तर आमच्या अर्जाचं काय? वीस हजार लिटर पाण्याची टाकी, जनरेटर आणि आता ही गाडी, मागचं कंपाउंड सगळं त्यातच जातं. नवीन सभासदांनी किती थांबायचं?

सेक्रेटरी (२०१): तुमचं म्हणणं रास्त आहे. काल संध्याकाळी मी आणि वॉचमन टेप घेऊन मोजून आलो. बंद स्कूटर गेली आणि फियाट जनरेटरच्या बाजूला भिंतीला समांतर लावली तर साडेआठ फूट रुंद एक जागा निघते. चार्जिंग पॉइंटची वायर मीटर रूममधून तिकडेच आणायला सोपी पडते. तुमचा अर्ज येत्या सभेत पहिला घेतो.

६०२: साडेआठ फूट पुरतात. धन्यवाद. काका, तुमची गाडी हलवायला मी येतो.

वहिनी (३०२): माझी एक अट. आवारात इंजिन सुरू करून ठेवू नका. मुलं खालीच खेळतात. बाहेर रस्त्यावर ढकलत नेऊन मग काय ते करा. आणि थंडीत ह्या गाड्या चोक ओढून किती वेळ धूर सोडतात ते मला माहीत आहे.

काका (१०३): अट मान्य. चोक मी दोन मिनिटांत आत घेतो, त्यापेक्षा जास्त लागला तर कार्ब्युरेटर साफ करायला हवा असं समजायचं. तसाही तो काढून घासलेटमध्ये धुवावा लागणारच. इंजिनाला ठिणगी देणारे पॉइंट घासायचे आहेत, बॅटरी मेली आहे, चारही टायरमध्ये हवा नाही.

ताई (४०४): बाबा म्हणतात ते येतील. खांद्यामुळे ढकलता येणार नाही, पण पॉइंटची फट ते नुसत्या डोळ्यांनी लावतात. त्यांनी आत्ताच कपाटातून फट मोजायचं फीलर गेज काढून ठेवलंय.

काका (१०३): त्यांना नक्की आण. किती वर्षांनी कुणी फियाटवाला भेटेल.

सेक्रेटरी (२०१): तर रविवार ५ तारीख, सकाळी सात. कंत्राटदार सोमवारी ठरल्याप्रमाणे येईल.

काका (१०३): सातला बरं. हवा भरायचा पंप माझ्याकडे आहे. चार माणसं मागून, एक जण स्टिअरिंगवर. गिअर न्यूट्रलला आहे, कुणी दांडा हलवू नका. पुढचं डावं दार उघडून तिथून ढकलू नका, बिजागरीवर भार येतो. कव्हर मी स्वतः काढीन.